मलिक अंबर आणि रयतेची अमानत

सत्ता ही अल्लाहने माणसाच्या हाती सोपविलेली अमानत आहे, ही इस्लामची मूलभूत शिकवण आहे. अमानत ज्याची त्याला पोहोचती करावी आणि लोकांमध्ये निवाडा करताना तो न्यायाने करावा, असा स्पष्ट आदेश दिव्य कुरआनच्या सूरह निसामध्ये आला आहे. प्रत्येक जण आपापल्या परीने राखणदार आहे आणि ज्यांची राखण त्याच्याकडे आहे त्यांच्याविषयी त्याला जाब द्यावा लागणार आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवणही आपण जाणतो. ती ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा खलिफा हजरत उमर (रजि.) यांचा काळ येतो. आपल्याच महाराष्ट्राच्या मातीत, चार शतकांपूर्वी, या कसोटीवर पारखून पाहावा असा एक राज्यकर्ता होऊन गेला, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. त्यांचे नाव मलिक अंबर. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा, त्यांच्या गुणांचा आणि दोषांचाही, विचार करावयाचा आहे.

हबशातील बालक

सुमारे इ. स. १५४८ मध्ये आजच्या इथियोपियात, म्हणजे अरबांच्या भाषेत हबशात, एका गरीब घरी एक मूल जन्मले. त्याचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते. हबशाचे नाव मुस्लिम घरात परके नाही. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा प्रेषितांच्या अनुयायांनी पहिले स्थलांतर याच देशात केले आणि तेथील न्यायी राजा नजाशी याने त्यांना आश्रय दिला. इस्लामचे पहिले मुअज्जिन हजरत बिलाल (रजि.) हेदेखील हबशीच होते आणि तेही गुलामगिरी भोगून आले होते.

लहानगा चापू गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. येमेनच्या मोखा बंदरात त्याची विक्री झाली, तेथून तो बगदादला गेला. तेथील मीर कासिम या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले, लिहावयास-वाचावयास शिकविले आणि हिशेब व व्यवहाराचे शिक्षण दिले. मुलाने इस्लामचा स्वीकार केला आणि त्याला अंबर हे नवे नाव मिळाले. अंबर म्हणजे एक मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी सुगंधांची व रत्नांची नावे देण्याची त्या काळी रीत होती. आपल्या पन्हाळगडावरील अंबारखान्याशी या नावाचा संबंध नाही. तेथील अंबार म्हणजे धान्याचा साठा.

येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे. या मुलाला विकणारे आणि विकत घेणारे हात मुसलमानांचे होते. स्वतंत्र माणसाला विकून त्याची किंमत खाणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी आपण स्वतः वादी म्हणून उभे राहू, असे अल्लाहने बजावल्याचे सहीह हदीसमध्ये आले आहे. कुरआनने गुलामांची मुक्तता हे जकातच्या आठ खर्चांपैकी एक ठरविले आणि अनेक चुकांचे प्रायश्चित्त म्हणून गुलाम मुक्त करण्यास सांगितले. तरीही तांबड्या समुद्राच्या बंदरांतून मुलांचा बाजार शतकानुशतके चालू राहिला. शिकवण उज्ज्वल असणे आणि तिचे अनुयायी तिला जागणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. अंबर यांच्या जीवनकथेची सुरुवातच आपल्याला हे मान्य करावयास लावते.

दख्खनमध्ये आगमन आणि मुक्तता

इ. स. १५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर यांना दख्खनमध्ये आणण्यात आले. त्या वेळी बहमनी राज्याच्या वारस सत्ता येथे नांदत होत्या. अहमदनगरला निजामशाही, विजापूरला आदिलशाही आणि गोवळकोंड्याला कुतुबशाही या त्यांतील प्रमुख होत. आपला कोल्हापूर-पन्हाळ्याचा मुलूख आदिलशाहीच्या अमलाखाली होता. या राज्यांत इराण-तुराणातून आलेले सरदार, स्थानिक दख्खनी मुसलमान, हबशी आणि मराठे असे चार घटक एकत्र वावरत आणि त्यांच्यात चुरसही मोठी असे.

अहमदनगरचा पेशवा चंगेजखान याने अंबर यांना विकत घेतले. मंगोल चंगेजखानाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो स्वतः हबशी होता आणि गुलामगिरीतूनच राज्याच्या सर्वोच्च पदावर पोहोचला होता. त्याच्या सेवेत अंबर यांनी दरबार, लष्कर आणि महसूल यांची व्यवस्था जवळून पाहिली. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबर यांना मुक्त केले. पुढे ज्याच्या हाताखाली हजारो स्वार येणार होते त्या माणसाचे स्वातंत्र्य एका स्त्रीच्या सत्कृत्यातून आले, हे आपल्या माता-भगिनींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मुक्त झालेले अंबर काही वर्षे विजापूरच्या चाकरीत राहिले. मलिक हा किताब त्यांना तेथेच मिळाला. इ. स. १५९५ च्या सुमारास सुमारे दीडशे स्वारांनिशी ते अहमदनगरच्या बाजूला परतले. याच काळात सम्राट अकबराच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या. चाँदबिबीने १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला झुंजविला. परंतु १६०० मध्ये स्वकीयांनीच तिची हत्या केली आणि किल्ला मोगलांच्या हाती गेला.

राजधानी पडली, सुलतान कैदेत गेला. राज्य संपले असे सर्वांना वाटत असताना मलिक अंबर यांनी निजामशाही घराण्यातील एका तरुणाला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसविले. तोच दुसरा मुर्तजा निजामशाह. त्यांनी आपली कन्या त्याला दिली आणि कारभाराची सूत्रे हाती घेतली. राजू दख्खनी या प्रतिस्पर्धी सरदारावर १६०७ मध्ये मात करून त्यांनी राज्य एकमुखी केले. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि १६१० मध्ये दौलताबादला आली. दौलताबादजवळ खडकी नावाच्या गावी त्यांनी नवे नगर वसविले.

गुलाम सेनापती आणि त्या काळचे जग

गुलामगिरीतून आलेला मनुष्य राज्याचा कर्ता होणे ही त्या काळी केवळ दख्खनची गोष्ट नव्हती. उस्मानी साम्राज्यात ख्रिस्ती खेड्यांतून सक्तीने नेलेली मुले पुढे सेनापती आणि वजीर होत. त्यांपैकी सोकोल्लू मेहमेद पाशा हे १५६५ ते १५७९ पर्यंत तीन सुलतानांचे प्रधान वजीर होते. इराणच्या सफवी राज्यात जॉर्जियाहून गुलाम म्हणून आलेले अल्लाहवर्दी खान सेनापती आणि फार्स प्रांताचे सुभेदार झाले. इस्फहानच्या नदीवरील तेहतीस कमानींचा प्रसिद्ध पूल त्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला. कुळ आणि जहागिरी नसलेला मनुष्य केवळ आपल्याशीच निष्ठावान राहील, असा राजांचा हिशेब असे. मोठेपण वंशाने नव्हे तर ईशभयाने ठरते, ही सूरह हुजुरातची शिकवण राजांच्या मनात होती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तथापि ज्या समाजाने ही शिकवण रोज ऐकली होती, त्या समाजात एका काळ्या वर्णाच्या माजी गुलामापुढे उभे राहून हुकूम घेणे सरदारांना अशक्य वाटले नाही, एवढे मात्र खरे.

बादशहा जहांगीर यांना हे सहन होत नव्हते. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी अंबर यांच्या वर्णावरून हीन शब्द वापरले आहेत. त्यांच्या पदरच्या अबुल हसन या चित्रकाराने एक चित्र काढले. त्यात जहांगीर भाल्यावर टांगलेल्या अंबर यांच्या मस्तकावर बाण सोडीत आहेत. प्रत्यक्षात असा प्रसंग कधी घडलाच नाही. जे रणांगणावर साधले नाही ते कागदावर रंगविले गेले.

रयतेचा हिशेब

मलिक अंबर यांचे युद्धकौशल्य सर्वपरिचित आहे. त्यांची खरी थोरवी मात्र महसुलाच्या व्यवस्थेत आहे. त्यांच्यापूर्वी गावांचा वसूल मक्त्याने दिला जाई. जो अधिक बोली लावील त्याला गावे मिळत आणि भरलेली रक्कम नफ्यासह तो कुणब्याच्या घरातून काढून घेई. सरकारला आगाऊ पैसा मिळे. पीक बुडाले तर मरण शेतकऱ्याचे.

हनफी फिकहचे महान इमाम आणि इमाम अबू हनीफा यांचे शिष्य काझी अबू यूसुफ यांनी आठव्या शतकात खलिफा हारून अल-रशीद यांच्यासाठी किताबुल खराज हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी मक्त्याच्या या पद्धतीस कडाडून विरोध केला होता. मक्तेदार रयतेवर तिच्या शक्तीपलीकडे बोजा लादतो आणि त्यातून देश उजाड होतो, असे त्यांचे मत होते. उत्पन्नाच्या प्रमाणात सारा घ्यावा, म्हणजे पीक घटले तर सरकारचा वाटाही घटेल, हा मार्ग त्यांनी अधिक न्याय्य मानला.

मलिक अंबर यांची व्यवस्था याच दिशेची होती. त्यांनी मक्तेदारी बंद केली. गावोगावच्या जमिनीची पाहणी करविली, तिची प्रत ठरविली आणि तिच्यातून खरोखर किती पिकते याचा अंदाज घेतला. प्रारंभी उत्पन्नाचे दोन पंचमांश धान्यरूपाने घेतले जात. काही हंगामांचा अनुभव जमा झाल्यावर त्याचे रोख रकमेत रूपांतर करण्यात आले आणि तो वाटा सुमारे एक तृतीयांश राहिला. वसुलाची जबाबदारी गावच्या पाटलावर सोपविली आणि ब्राह्मण कारकुनांकडून हिशेब ठेवविले. कुणब्याचा आपल्या जमिनीवरील वंशपरंपरागत मिरासी हक्क मानला गेला. उत्तरेत अकबराचे मंत्री राजा तोडरमल यांनी १५८० च्या सुमारास दहा वर्षांच्या सरासरीवर आधारलेली व्यवस्था लावली होती. तिच्यामागे एका विशाल साम्राज्याचे बळ होते. अंबर यांनी हे काम सतत युद्धात होरपळणाऱ्या, राजधानी गमावलेल्या राज्यात केले.

एक तृतीयांश वाटा आजच्या दृष्टीने थोडा नाही. शेतकरी सुखात लोळत होता असे कोणी समजू नये. परंतु आपल्याला किती द्यावयाचे आहे हे त्याला पेरणीपूर्वी ठाऊक होते आणि लिलावात बोली लावून आलेल्या परक्याच्या दयेवर तो नव्हता. अंबर यांच्या राज्यातून प्रवास केलेल्या पीटर व्हान डेन ब्रूके या डच व्यापाऱ्याने तेथील रस्ते सुरक्षित असल्याचे नमूद केले आहे.

ही पद्धत तिच्या कर्त्यानंतरही टिकली. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेव यांनी उजाड गावे पुन्हा वसविली ती मलिकंबरी धाऱ्याच्या आधारे, असे इतिहासकार सांगतात. पुढील मराठी राजवटीच्या दप्तरांत मलिकंबरी हा शब्द महसुलाची एक परिचित पद्धत म्हणून वावरत राहिला.

मराठे सोबती आणि भातवडी

मोगलांच्या अवजड फौजेशी मैदानात टक्कर देणे अंबर यांना परवडणारे नव्हते. त्यांनी मराठा बारगीरांची चपळ घोडदळे उभी केली. रसद तोडावी, रात्री छापे घालावेत, शत्रूला डोंगराळ मुलखात ओढावे, ही त्यांची रीत होती. वेरूळचे मालोजी भोसले निजामशाहीचे सरदार होते. त्यांचे पुत्र शहाजी आणि शरीफजी अंबर यांच्या लष्करात लढले. मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफ या सूफी संतांवरील श्रद्धेमुळे मुलांना ही नावे ठेवली, अशी परंपरा आहे. ज्या भोसले कुळातून पुढे आपली कोल्हापूरची गादी निर्माण झाली, त्या कुळाचे मूळपुरुष हबशातून आलेल्या या मुसलमान सेनापतीबरोबर घोड्यावर बसले होते.

यश नेहमीच लाभले असे नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला अंबर यांचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकीची नासधूस केली. पुढच्या वर्षी शाहजादा खुर्रम याच्याशी त्यांना अपमानास्पद तह करावा लागला. त्यांनी नगर पुन्हा उभारले. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा अहमदनगरजवळील भातवडीला त्यांनी तलावाचे पाणी सोडून शत्रूचा तळ चिखलात रुतविला आणि मोठा विजय मिळविला. शरीफजी याच युद्धात कामी आले. शिवाजी महाराजांच्या काळात कवींद्र परमानंद यांनी रचलेल्या शिवभारत या संस्कृत काव्यात या युद्धाचे आणि अंबर यांच्या पराक्रमाचे गौरवपूर्वक वर्णन आहे. धर्म वेगळा असूनही कवीला शूराला शूर म्हणण्यात अडचण वाटली नाही.

खडकीचे पाणी

खडकी नावाप्रमाणेच खडकाळ होती. नगर वसवायचे तर पाणी हवे. मलिक अंबर यांनी नगराच्या उत्तरेकडील टेकड्यांत जमिनीखाली झिरपणारे पाणी एकत्र केले. त्यासाठी त्यांनी भुयारी नाली खोदविली. इराणमध्ये ज्याला कनात किंवा कारेज म्हणतात त्याच जातीची ही व्यवस्था. ठरावीक अंतरावर तपासणीची तोंडे, पुढे मातीचे नळ, दाब आवरण्यासाठी उंच मनोरे आणि अखेरीस गल्लोगल्लीचे हौद अशी तिची रचना होती. उपसण्यासाठी ना बैल लागे ना मोट. उताराच्या बळावर पाणी आपोआप वाहत येई. ही नहर-ए-अंबरी. नगरात त्यांनी जामा मशीद बांधली, भडकल दरवाजा उभारला, हजरमौतहून आलेल्या अरब विद्वानांना आश्रय दिला. कित्येक पिढ्या त्या नगराने त्यांच्या नहरीचे पाणी प्यायले. वुजूसाठी, स्वयंपाकासाठी, गुरांसाठी, सर्व जातिधर्मांच्या घरांत ते पोहोचले.

डाग

इथवर वाचून मलिक अंबर यांना संतपदी बसविण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. १६१० मध्ये दुसरा मुर्तजा निजामशाह विषप्रयोगाने मरण पावला आणि त्यामागे अंबर यांचा हात होता, असे इतिहास सांगतो. वर उल्लेखिलेल्या डच व्यापाऱ्याने त्याचे कारणही नोंदविले आहे. सुलतानाच्या इराणी बेगमेने अंबर यांच्या कन्येला गुलामाची मुलगी म्हणून हिणविले आणि संतापलेल्या पित्याने दोघांचाही अंत घडविला. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांच्या बालकाला गादीवर बसविण्यात आले.

वंशावरून कोणालाही हिणविणे ही जाहिलियतची खूण आहे. हजरत अबू जर (रजि.) यांच्या हातून एका माणसाला त्याच्या आईवरून बोलण्याची चूक झाली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना याच शब्दाने सावध केले होते. बेगमेचा अपराध लहान नव्हता. परंतु त्याची शिक्षा विष नव्हे. न्यायनिवाडा न करता घेतलेला प्राण हा संपूर्ण मानवजातीचा प्राण घेण्यासारखा आहे, असे कुरआन सांगतो. ज्या माणसाने लाखो कुणब्यांना हिशेबाने न्याय दिला, त्याला आपल्या घरच्या अपमानाच्या क्षणी न्याय राखता आला नाही. आपल्या पूर्वजांविषयी लिहिताना असा भाग गाळण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्यातून ना त्यांचे भले होते ना आपले. उलट दुसऱ्या कोणी तोच भाग पुढे केला की आपली मुले गोंधळतात. मुलांना हे आपणच सांगावे आणि कसोटीही आपणच सांगावी. ती कसोटी अंबर नव्हेत, अल्लाहचा आदेश आहे.

मृत्यूनंतर

मलिक अंबर १६२६ मध्ये सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होऊन मरण पावले. जहांगीरचा दरबारी इतिहासकार मुतमद खान याने शत्रुपक्षात असूनही त्यांच्या युद्धकलेची, शहाणपणाची आणि कारभाराची मुक्तकंठाने स्तुती केली. खुलदाबादला, सूफी संतांच्या दर्ग्यांच्या परिसरात, त्यांची कबर आहे. ज्या जहांगीरने त्यांचे मस्तक चित्रात उडविले, त्याचा नातू बादशहा औरंगजेबही त्याच गावात एका साध्या कबरीत विसावला आहे. जिंकणारे आणि झुंजणारे दोघेही एकाच मातीत गेले.

मनुष्य मरण पावला की त्याचे कर्म थांबते, केवळ तीन गोष्टी उरतात, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. चालू राहणारे दान, लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी सदाचारी संतती. मलिक अंबर यांचे जीवन या हदीसच्या प्रकाशात पाहिले तर मन गंभीर होते. त्यांचा पुत्र फतेहखान पेशवा झाला. त्याने आपल्या धन्याचा घात केला आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन करून त्यांचे वेतन स्वीकारले. पित्याने सव्वीस वर्षे राखलेले राज्य त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांत, १६३६ मध्ये, नामशेष झाले. वाड्यात वाढलेल्या पुत्राने पित्याच्या गुणांपैकी न्याय घेतला नाही. विषाच्या रात्रीचा धडा मात्र घेतला, असे म्हणावेसे वाटते. मुले आपले बोलणे कमी ऐकतात आणि वागणे अधिक पाहतात, ही गोष्ट राजवाड्यांना जितकी लागू आहे तितकीच आपल्या चार भिंतींच्या घरालाही.

राज्य गेले, संततीने निराश केले. उरले ते पाणी आणि हिशेबाची पद्धत. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली, सत्ताधीश बदलले, पण ज्याने तहानलेल्याला पाणी दिले आणि शेतकऱ्याला त्याच्या घामाचा वाटा सांगून दिला, त्याच्या या दोन कामांवर कोणालाही नाव खोडता आले नाही.

आपल्यापैकी कोणी पेशवा होणार नाही. परंतु कोणी मशिदीच्या विश्वस्त मंडळावर आहे, कोणी दूध संस्थेत, कोणी ग्रामपंचायतीत, कोणी चार कामगारांचा मालक आहे. प्रत्येकाच्या हाती कोणाचा तरी वाटा आहे. तो वाटा आधी ठरवून, लिहून, वेळेवर देणे आणि आपल्यानंतरही वाहील असे काही मागे ठेवणे, हे आपल्या आवाक्यातले आहे.

अल्लाह मलिक अंबर यांच्या सत्कृत्यांचा स्वीकार करो, त्यांच्या चुका क्षमा करो आणि आपणा सर्वांना आपापली अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.